झटक्यांची वजावट

बांडुंग,
सोमवार, ९ सप्टेंबर २०२४

प्रिय यायतदादा,

सलाम. गारुतला कसा आहेस? तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या आईंकडून घेतला, त्यांना रागावू नकोस. त्या म्हणाल्या, तू शिकवतोस त्या तंत्रशाळेतली मुलं तुला फार मानतात. आणि तुझं मधलं बोट अजून पुरतं वाकत नाही.

इकडे सगळे बरे आहेत. कोपऱ्यावरचा, तळलेले बतागोर विकणारा दर आठवड्याला विचारतो, "तुमचे दादा दिसत नाहीत?" एंबेला पुढचा डावा पाय नवा बसवला. चार पायांच्या यंत्राला तू शेळीचं नाव ठेवलंस, आता आपल्या प्रयोगशाळेच्या प्रमुख हेस्तीबाईसुद्धा मीटिंगमध्ये सरळ विचारतात, "शेळी काय म्हणते?"

मोठी बातमी अशी की तुझी ती चार हजार ओळींची फाइल मी मोडली. बाई वैतागल्या होत्या. "ही फाइल आहे की कधीच न झाडलेला माळा? शेळीला चालायला शिकवायचं सोडून आपण वस्तूच शोधत बसतो." मला दोन महिने दिले. आता ज्याची त्याची जागा ठरली. चहामळ्याचा खोटा डोंगर, ज्यावर एंबे कॉम्प्युटरच्या आत हजारदा पडून शिकते, तो एका फोल्डरात. तिला गुण कशाचे द्यायचे आणि कशाचे कापायचे, ते दुसऱ्यात. शिकण्याचं गणित तिसऱ्यात. खऱ्या मोटारींशी बोलणारा भाग सगळ्यांपासून लांब. आकडे मात्र सगळे एकाच पानावर, आणि शिकवणी सुरू केली की त्या पानाची तारखेसकट प्रत आपोआप राहते. कोणी काय बदललं, ते आता लपत नाही.

तुझ्या टिपा मी पुसल्या नाहीत. "लिलिस, इथे हात लावलास तर जेवण तुझ्याकडून" ही वाचून एकटीच हसले.

गुणांचा भाग वेगळा करताना एक शून्य सापडलं. पुढे गेल्याचे गुण, पडल्याची वजावट, सगळं ठीक होतं. फक्त पायांना झटके दिल्याची वजावट शून्य. तिच्याच धाकाने एंबे उतारावर जपून पाय टाकायची. ती काढली की नुसत्या वेगापायी पाय फेकत सुटणार. जानेवारीत पंगालेंगनच्या मळ्यात पाहुण्यांसमोर तेच झालं. चराशी तिने पाय फेकला, उलटली, आणि तू ते बावीस किलोचं धूड झेलायला हात पुढे केलास.

चौकशीत तू एवढंच म्हणालास, "फाइल माझी, तर चूकही माझी." काम सोडून तू गारुतला निघालास, तेव्हा बस सुटताना मी तुझ्या मांडीवर सुराबीच्या गरम घावनांची पिशवी ठेवली. पट्टी बांधलेल्या हाताने तुला ती नीट धरताही येईना.

दादा, वर "सापडलं" असं लिहिलंय, ते खोटं आहे. ते शून्य कुठे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

मळ्यात जायच्या आधीच्या शनिवारी तू दुपारच्या नमाजाला गेलास, तेव्हा मी ती वजावट काढली. एंबे किती जोरात पळते, एवढंच बघायचं होतं. परत घालणार होते. पण ती इतकी सुरेख पळायला लागली की मोह झाला. पाहुणे बघत राहतील, तू म्हणशील, शाब्बास लिलिस. रविवारी तू विचारलंस, "आज ही फारच चपळ वाटते. काही बदललंस का गं?" मी "नाही" म्हणाले. तू लगेच विश्वास ठेवलास.

मग तुझा हात मोडला आणि माझं तोंड उघडेना. एक दिवस गेला, एक आठवडा गेला, आणि मग सांगणं जास्तच अवघड झालं.

गेल्या सोमवारी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आठ महिने तू माझ्यासमोर बसून जेवलीस," म्हणाल्या. मी म्हटलं, "यायतदादाला तुम्ही सांगाल का?" "मी माझी माफी मागायला जाईन, चौकशीच्या अहवालावर सही माझी होती. तुझं तू सांग."

मंगळवारी वजावट पूर्ववत करून एंबेला नव्याने शिकवलं. शुक्रवारी त्याच उतारावर नेलं. चराशी ती थांबली, एक पाय पलीकडे टेकवून बघितला आणि मग उतरली. तुझं सगळं बरोबर होतं, दादा. मळ्यातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या. मला तिथे उभं राहवेना.

अहवाल दुरुस्त झाला. माझी शिष्यवृत्ती सहा महिने बंद, आणि एंबेच्या कामातून मला काढलं. ठीकच आहे. तुझी जागा बाईंनी रिकामी ठेवली आहे. तू ये म्हणायचा हक्क मला नाही. आलास तर फोल्डर बघून वाट चुकणार नाहीस, एवढं मात्र केलंय.

उत्तर नाही दिलंस तरी चालेल. बोटाला शेक देत जा. आईंना नमस्कार सांग, आणि या पत्रातलं त्यांनाही वाचून दाखव. त्या मला अजून "पोरी" म्हणूनच हाक मारतात, ती हाक त्यांना खरं माहीत नसताना मला घ्यायची नाही.

चूक तुझी नव्हती.

लिलिस