कोणासाठी, ते विचारायचं नाही

८ ऑगस्ट, मंगळवार
इथल्या ऐन हिवाळ्यात हॉलचा हीटर पुन्हा बंद! कोट अंगात ठेवूनच शिवत बसलो सगळ्या. मॅक्सीनला आमच्या बायकांच्या क्लबचं अध्यक्ष केल्यापासून तिचा आवाज वाढलाय. म्हणाली, लॅमिंग्टन केकच्या विक्रीआधी पिशव्या तयार हव्यात, दवाखान्यातल्या नर्सकडच्या संपल्या. संपल्या म्हणजे तेवढ्या बायका घर सोडून निघाल्या! या टीचभर गावातून!

टूथब्रश, साबण, आतले कपडे, पोरांसाठी रंगखडू. अंगावरच्या कपड्यांनिशी निघालेल्या बाईची पहिली रात्र तरी निभावी, एवढंच. क्लबचा नियम एकच – पिशवी कोणासाठी, ते विचारायचं नाही. हे मॅक्सीन माझ्याकडे बघून म्हणाली. मी भोचक आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक!

नवऱ्याच्या, केव्हच्या मासेमारीच्या खोपटातले पडदे कापायला घेतले. निळ्यावर पांढरे नांगर, जहाजाचे. नवरा गेला, पडदे काही फाटले नाहीत. पट्टा मी दुहेरी शिवते. भरलेल्या पिशवीचा पट्टाच आधी दगा देतो.

मॅक्सीननं घरी सोडलं. लेकानं, ब्रेटनं, माझी गाडी विकल्यापासून तीच नेते-आणते. एका घरात दोन गाड्या कशाला, असं ब्रेटचं म्हणणं. बरोबरच आहे. जमीन, गायी, दूध काढायची शेड, सगळं लेकाच्या नावावर केलंय. मी मागच्या दोन खोल्यांत. माझं बरं चाललंय.

११ ऑगस्ट, शुक्रवार
जेवायला पुढच्या घरात गेले होते. सूनबाई, टॅरिन, दुकानातून उशिरा आली. ब्रेट न बोलता उठला, बाहेर जाऊन गाडीचा मीटर बघून आला. मग ताटावर बसून म्हणाला, "दुकान लांब सरकलं वाटतं."

टॅरिननं मान वर केली नाही. आयव्ही वाटाणे मोजत होती. त्यांची सहा वर्षांची पोर, जेवताना एक अक्षर बोलत नाही.

केव्हही मीटर बघायचा. पुरुषांना सवय असते.

१५ ऑगस्ट
नांगरवाल्या पिशव्या दिल्या. मॅक्सीन म्हणे, या पट्ट्याला बैल बांधला तरी तुटायचा नाही.

२२ ऑगस्ट, मंगळवार
अक्षर बघ कसं येतंय!

टॅरिनला ताप, म्हणून सकाळी वासरांना मी दूध पाजलं. दुधाच्या पावडरचं पिंप संपलं, दुसरं उघडलं. त्यात पावडर नव्हती. निळी पिशवी होती. पांढरे नांगर. माझा दुहेरी पट्टा.

आत हात घातला नाही. झाकण लावलं आणि तिथेच चिखलात बसून राहिले. वासरं माझी बाही चोखत होती. बाहेर ब्रेट शीळ घालत गायी हाकत होता. लहानपणी घालायचा तीच शीळ.

माझ्या घरातली बाई! माझ्याच लेकापासून पळणार!

२३ ऑगस्ट
क्लबात कुणाला सांगायचं? काय सांगायचं? त्याला विचारलं तर तिचं संपलं. गप्प राहिले तर आयव्ही जाईल. माझी एकुलती नात. स्वार्थी आहे मी, इथे तरी लिहिते.

२४ ऑगस्ट, गुरुवार
ब्रेट सहज बोलून गेला, उद्या वासरांची शेड साफ करतो, रिकामी पिंपं फेकून देतो. तो संध्याकाळचं दूध काढायला गेला तशी कोटाखाली पिशवी दडवून आणली. शिवणाच्या कपाटात, चिंध्यांखाली ठेवलीय. त्या कपाटाला तो हात लावत नाही. ही वहीसुद्धा तिथेच असते.

विचार करायला वेळच मिळाला नाही. बरं झालं.

२५ ऑगस्ट, शुक्रवार
कपडे वाळत घालताना टॅरिन आली. तोंड पांढरंफटक. पिंपात बघून आली होती.

मी म्हटलं, "नांगर माझ्याकडे आहेत."

ओला टॉवेल तिच्या हातातून सुटला. "ब्रेटला सांगणार तुम्ही?"

"नाही."

"तुमचा मुलगा आहे तो, ग्लेनिस."

"म्हणून तर मला कळतं."

मग भडाभडा बोलली. मीटर आहे. फोनवरून ती कुठे आहे ते त्याला दिसतं. शाळेत आयव्हीला न्यायलाही तोच जातो. निघायचं तर कशातून आणि कधी? नर्सनं दूरच्या गावी जागा बघून ठेवलीय, पण तिथवर पोचायचं कसं! शेडचं दार वाजलं तशा दोघी पटापट चिमटे लावू लागलो.

२७ ऑगस्ट, रविवार
लॅमिंग्टन! मॅक्सीनची गाडी! तिचा मीटर कोण बघणार!

ताटावर विषय काढला. माझी बोटं आखडतात, शनिवारी केक खोबऱ्यात घोळवायला टॅरिन आणि आयव्हीला नेते. ब्रेट म्हणाला, "क्लबातल्या म्हाताऱ्या संपल्या का?" मी म्हटलं, संपत आल्यात, म्हणून तर. हसला. खरंच हसला. टॅरिनला म्हणाला, फोन चालू ठेव.

त्याचं हसू छान आहे. फार वाईट वाटलं.

३० ऑगस्ट
मॅक्सीनला इतकंच सांगितलं – शनिवारी एक खोकं लांब पोचवायचंय, सोबत दोन माणसं. ती म्हणाली, "पेट्रोल भरून ठेवते." बस. एक प्रश्न नाही.

२ सप्टेंबर, शनिवार
पोचल्या असतील.

सकाळपासून हॉलभर चॉकलेट. आम्ही केकचे चौकोन बुडवायचे, आयव्हीनं खोबऱ्यात लोळवायचे. पोर चक्क गात होती! केसांत खोबरं, नाकावर खोबरं. खोक्यात खाली नांगरांची पिशवी, वर लॅमिंग्टनचा एकच थर. टॅरिननं आपला फोन खोबऱ्याच्या पोत्यामागे चालू ठेवला.

गाडीत बसताना तिनं माझा चॉकलेटचा हात घट्ट धरला. "तुम्हीही चला."

"मी? मला काय झालंय!"

ती नुसती बघत राहिली. नर्स बघते तशी. राग आला मला तिचा.

आयव्हीचा मुका घ्यायचा राहिला. गाडी वळल्यावर लक्षात आलं.

३ सप्टेंबर, रविवार
आज इथला फादर्स डे. फ्रिजवर आयव्हीनं शाळेत केलेलं कार्ड तसंच आहे – बाबा, गाय, सूर्य. ब्रेट त्याच्यासमोर उभा राहून रडला. माझंच पोर आहे. पाठीवर हात ठेवला.

हात झटकून म्हणाला, "कुठे आहेत?"

"माहीत नाही."

खरंच माहीत नाही. नियमाचा एवढा आधार वाटला नव्हता कधी.

५ सप्टेंबर, मंगळवार
क्लबला गेले नाही. ब्रेटनं फाटकाला कुलूप लावलंय. गायी रस्त्यावर जातात म्हणे.

७ सप्टेंबर
माझा फोन दुरुस्तीला नेला. बिघडला कधी होता?

८ सप्टेंबर, शुक्रवार
मॅक्सीन फाटकापर्यंत आली होती. पडद्याआडून बघितलं. ब्रेट तिला सांगत होता, आई आजारी आहे, तिला कुणाला भेटायचं नाही. मी ठणठणीत! ओरडावं म्हटलं, आणि पडदाच घट्ट ओढून घेतला. माझ्याच घरात, माझ्याच लेकासमोर!

मॅक्सीनचा आवाज मात्र खिडकीपर्यंत आला. ग्लेनिसकडे क्लबचं कापड आहे, मंगळवारी शिवलेल्या पिशव्या न्यायला येते, फाटकात आणून दिल्या तरी चालतील. ब्रेट म्हणाला, न्या.

नंतर माझ्या खोलीत येऊन म्हणाला, "शिवून टाक तुझं. मी असेन तिथे."

मघाशी कपाट उघडलं तर दाराच्या आरशात तोंड दिसलं. टॅरिनचं दिसायचं, जेवताना, तसंच.

१२ सप्टेंबर, मंगळवार
ब्रेट दूध काढतोय. मॅक्सीनची गाडी फाटकाशी लागलीय, लवकर आलीय. कुलपाची जास्तीची किल्ली केव्हच्या जुन्या डब्यात होती. नांगरांच्या उरलेल्या कापडाची एकच पिशवी झाली. हिच्यात रंगखडू घातले नाहीत. रक्तदाबाच्या गोळ्या घातल्या, आणि आता ही वही.