चौदाचे बावीस

आईस,

कोइमतूरहून अपेक्षाचा नमस्कार. मी बरी हाय, बाळ लाथा मारतंय. हे आधी वाच, मग बाकीचं. फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस, म्हणून लिहितेय.

डोहाळजेवणात मी झाकलेली वाटी उचलली, त्यात बर्फी निघाली. इथं सोनं गाळायच्या धंद्यात असलेल्या आपल्या गलाईवाल्यांच्या सगळ्या बायका बघत होत्या. मी नखाएवढा तुकडा तोंडाला लावला आणि वाटी खाली ठेवली. चार दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी इन्सुलिन चौदा युनिटवरनं बावीसवर नेलं, तर सगळ्यांनी बर्फीलाच धरलं. सासूबाई म्हणाल्या, "चोरून खाल्ली असशील." आणि तूबी म्हणालीस, "जिभेला आवर घाल."

लय राग आला मला. सातवीपासून स्वतःच्या हातानं सुई टोचून घेतेय मी. आवर घालायला मला कुणी शिकवू नये.

सासूबाईंच्या धाकानं दोन दिवस चौदाच घेतलं. साखर दोनशे साठवर गेली. मग डॉक्टरीणबाईंनी त्यांना समोर बसवून सांगितलं, की बाळाबरोबर त्याला पोसणारी वार मोठी होते आणि तिच्यामुळं आधीचं इन्सुलिन पुरत न्हाई. आता बावीस घेते, साखर आटोक्यात हाय.

अण्णांचा गुडघा कसा हाय? शेळ्यांमागं त्यांना एकटं धाडू नकोस. आणि डिंकाचे लाडू पाठवू नकोस.

आटपाडीत कुणी विचारलं, अपेक्षाची सुई का वाढली, तर मान खाली घालू नकोस. माझं नातवंड वाढतंय, म्हणून वाढली, असं सांग.

तुझीच,
अपेक्षा