चोचीवरची पांढरी रेघ

ग्रिम्से बेट, ९ जुलै १९५७

चि. सोल्वेग हिस काकाचे आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा मी गवत उलथत होतो. पाऊस नाही, गवत चांगलं वाळतंय. काकूचा गुडघा तसाच आहे. तपकिरी मेंढीला दोन कोकरं झाली, त्यातलं एक राहिलं.

तू लिहितेस, ‘बाबा असे अविचारी कधीच नव्हते.’ नव्हताच कोल्बेन.

ईस्टरला आली होतीस तेव्हा म्हणालीस, "काका, चहा कपाबाहेर ओतताय." मी हसून तुलाच मूर्ख म्हटलं. गेली दोन वर्षं मला ती रेघ दिसत नाही. कड्यावरच्या आखूडचोची पक्ष्याच्या चोचीच्या कडेला असते ती. लांबचोचीला नसते. बाकी दोन्ही पक्षी काळे-पांढरे, लांबून सारखेच. कड्यावरून दोराने उतरून अंडी काढणाऱ्याला मात्र हा फरक कळावाच लागतो. लांबचोची रुंद कपारीत दाटीने बसतात. तिथे दोर ढिला सोडायचा, म्हणजे माणूस झोका घेऊन आत उडी मारतो. आखूडचोची अरुंद कडेवर बसतात. तिथे दोर ताठच ठेवायचा.

लटकणाऱ्याला कपार दिसत नाही, दोर धरणाऱ्यांना तो दिसत नाही. कड्याच्या नाकावर, म्हणजे पुढे आलेल्या टोकावर, बसून दोघांना सांगायचं काम माझं. वीस वर्षं माझंच.

त्या दिवशी कोल्बेन खालून ओरडला, "दादा, कोण बसलंय? की तुलाच डुलकी लागली?"

मला नुसता काळा-पांढरा पट्टा दिसत होता.

"लांबचोची," मी म्हटलं. "खुशाल उडी मार."

"बायको म्हणते दादाचं ऐक. म्हणून ऐकतो हां!"

मी मागे वळून खुणेचा हात खाली केला. वर दोर धरून बसलेल्या गेर्मुंडने तो ढिला सोडला. कोल्बेनने उडी मारली. आत पाय ठेवायला जागा नव्हती. दोराला हिसका बसला आणि तो दगडाच्या धारेवर तुटला. सगळे पक्षी एकदम उडाले. त्यानंतर मला काहीच दिसलं नाही.

गेर्मुंडने विचारलं, "ढिला कुणी मागितला?"

मी म्हटलं, "त्यानेच."

तेव्हापासून सगळं बेट म्हणतं, कोल्बेनने घाई केली. तुझ्या आईसमोरही म्हणतात. ती मान खाली घालून ऐकते. मी शेजारी बसलेला असतो.

डोळे गेले हे सांगितलं असतं तर नाकावरची जागा गेली असती. एवढंच होतं. याहून मोठं कारण मी पाच आठवडे शोधतोय.

माफ कर असं लिहीत नाही.

मला काका म्हणायचं की नाही, ते तू ठरव.

स्टेनार

ता. क. दहा जुलै, सकाळ. धक्क्यावर सगळ्यांसमोर हेच सांगितलं. गेर्मुंड तुझ्या आईला सांगायला गेला. मी हे पत्र आता बोटीवर देतोय.