होऊ घातलेल्या व्याह्यांकडची शर्यत

देवास,
मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप मोरूदादांस,

देवासहून भास्करचा नमस्कार. हा नमस्कार मी पलंगावर पालथा पडून, कमरेवर गरम पाण्याची पिशवी ठेवून करतो आहे, तेव्हा तो साष्टांगच धरावा. तुमचे गुडघे कसे आहेत? वहिनींचा खोकला थांबला का? उज्जैनलाही मावठ्याचा पाऊस लागला असेल. इकडे सूर्य असा दिसलेलाच नाही, कपडे वाळत नाहीत, आणि माझं नाक वाहायचं काही थांबत नाही. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही (तुमचं म्हणणं आम्ही पुटपुटतो, तसं असेल), म्हणून सगळं सविस्तर लिहितो. बसून लिहिता येत नाही, अक्षराला क्षमा असावी.

मागच्या पत्रात तुम्ही विचारलं होतं की उर्वीने स्वतःच पसंत केलेल्या या धारच्या मुलाच्या घरची माणसं आहेत तरी कशी. तू आधी जाऊन डोळ्यांनी बघून ये, मग मी आशीर्वादाचं बघतो, असं तुमचं वाक्य होतं. दादा, मी बघून आलो. रविवारीच बघून आलो. काही वेळ डोळे मिटलेले होते ते सोडल्यास सगळं नीट बघितलं.

झालं असं की गेल्या आठवड्यात मुलाच्या वडिलांचा, फत्तेसिंगरावांचा, फोन आला. त्यांचा आवाज मोठा, मागे कसलीशी घरघर, आणि आमच्याकडे कुकरच्या शिट्ट्या. त्यांनी म्हटलं की रविवारी आमच्याकडे प्रिंट आहे, दर हिवाळ्यात असते, तुम्ही सगळे या. आता धारकडचा माणूस प्रिंट म्हणाला तर कोणाच्याही डोळ्यांपुढे बाग गावचे छापील कपडेच येणार. मला वाटलं, लग्नाच्या साड्यांसाठी ओळखीचा कारागीर घरी बोलावला असेल. मी म्हटलं, वा, नक्की येतो. ते म्हणाले, नुसतं बघायला नको, भाग घ्या. मी म्हटलं, घेणारच, रिकाम्या हाताने कसा परत जाईन? मग ते म्हणाले की पूर्ण बाह्यांचं आणि सुती लागतं बरं का, नायलॉन चालत नाही. मी म्हटलं, आमच्या घरातही सुतीच आवडतं. शेवटी त्यांनी विचारलं, गाडी स्वतःचीच आणाल ना? मी म्हटलं, म्हणजे काय, आपल्याच गाडीने येणार. तेव्हा ते इतके खूश झाले की मला जरा नवल वाटलं. "भास्करराव, मी तुमचं नाव लिहून टाकतो," म्हणाले. मी म्हटलं, लिहा, वरतीच लिहा.

तर रविवारी सकाळी मी, उर्वी आणि उर्वीची आई असे तिघं आमच्या जुन्या आल्टोतून निघालो. उर्वीच्या आईने साड्यांसाठी कापडी पिशव्या घेतल्या होत्या. इंदूरच्या पुढे पाऊस इतका बारीक आणि गार पडत होता की वायपर चालवावा तर काच कोरडी आणि बंद करावा तर आंधळी. फत्तेसिंगरावांनी पाठवलेला पत्ता आम्हाला धारच्या बाहेर एका जुन्या हवाईपट्टीवर घेऊन गेला. तिथे तंबू, लाउडस्पीकर, एक रुग्णवाहिका (ती मला आधी दिसली) आणि पंचवीस-तीस गाड्या. त्यातल्या अर्ध्या गाड्यांना मागची सीटच नव्हती. मी खिडकीची काच खाली केली तोच दोन मुलांनी पळत येऊन माझ्या दारावर भला मोठा आकडा चिकटवला आणि वर हाताने दाबून पाणी निपटून काढलं. उर्वीने हळूच विचारलं, "बाबा, ये आपने क्या कर दिया?"

स्प्रिंट, दादा. प्रिंट नव्हे, स्प्रिंट. एका वेळी एकच गाडी सोडतात आणि घड्याळ लावतात. धावपट्टीवर रबरी शंकू मांडलेले असतात, त्यांच्यामधून नागमोडी जायचं, पार पलीकडे टायरांच्या ढिगाला वळसा घालायचा आणि सुटलो तिथे परत यायचं. ज्याला सर्वांत कमी वेळ लागला तो जिंकला. भाग घेणारे सगळे हौशी, पण त्यांची हौस आणि माझी हौस यांत फरक आहे. मी ग्रंथपाल माणूस, आमच्याकडे मोठ्याने शिंकलं तरी लोक वळून बघतात.

मी लगेच नाही का म्हणालो नाही, असं तुम्ही विचाराल. म्हणणारच होतो. पण तेवढ्यात फत्तेसिंगरावांच्या पत्नी उमाबाई छत्री घेऊन समोर आल्या, त्यांनी उर्वीच्या आईला मिठी मारली, आणि आजूबाजूच्या पंचवीस जणांना सांगून टाकलं की आमच्या होणाऱ्या सूनबाईंचे वडील खास देवासहून उतरलेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मुलगा अजेय माझ्या पाया पडला (मुलगा चांगला आहे दादा, नजर खाली ठेवून बोलतो) आणि मग माझी गाडी तपासायला घेऊन गेला. तपासणीत गाडीतली प्रत्येक सुटी वस्तू बाहेर काढतात, नाहीतर ती उडून डोक्यात बसते म्हणे. त्यांनी छत्री काढली, पाण्याची बाटली काढली, पायपुसणी काढली, आणि शेवटी डॅशबोर्डवरचा गणपतीही काढायला लावला. मी म्हटलं, अहो, तो चिकटवलेला आहे. तपासणारा म्हणाला, "भिया, उखड गया तो सीधा आँख में आयेगा." मग उर्वीच्या आईने गणपती ओंजळीत घेतला, पदराखाली धरला आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की मला ती नजर आपल्या घरात कोणीतरी गेल्यावरच बघितल्याची आठवण झाली.

माझ्या छातीत धडधड सुरू झाली. मी ठरवलं, छातीत कळ आली असं सांगायचं, आणि ते खोटंही फारसं नव्हतं. कळ आणायला जरा आडोसा हवा म्हणून मी तंबूच्या मागे गेलो, जिथे पट्टी संपून गव्हाची शेतं सुरू होतात. तिथे बांधावर फत्तेसिंगराव बसले होते. तो सहा फुटी, मिशीवाला, अंगात जाडजूड लाल पोशाख घातलेला माणूस गव्हाच्या शेतात ओकत होता.

(हा मजकूर कृपा करून घरात मोठ्याने वाचू नये.)

मला काय करावं कळेना, म्हणून मी त्यांच्या डोक्यावर हातरुमाल धरला. पाऊस होता ना. त्यांनी तोंड पुसलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कोणाला बोलू नका. उमाला पण माहीत नाही."

"तब्येत बरी नाही का?" मी विचारलं.

"तब्येत एकदम ठीक आहे. भीती वाटते." हे त्यांनी असं सांगितलं जसं आपण बाहेर पाऊस आहे असं सांगावं. "दर वर्षी असंच होतं. गाडीत बसेपर्यंत पोटात गोळा. आणि आज तर पट्टी ओली आहे."

"मग करता कशाला?"

"एक वर्ष बंद करून बघितलं. मग घरबसल्या कशाचीही भीती वाटायला लागली. फोन वाजला तरी दचकायचो." त्यांनी मिशीवरचं पाणी निपटलं. "आणि अजेयची गाडी सुटते तेव्हा तर मी बघतच नाही. लोकांना वाटतं साहेब घड्याळ बघताहेत. मी डोळे मिटून बसतो."

मी त्यांच्या शेजारी बांधावर बसलो. चिखल होता, पण बसलो. मी त्यांना सांगितलं की उर्वी लहानपणी सायकल शिकत होती तेव्हा मी गल्लीच्या तोंडाशी पाठ करून उभा राहायचो. ते हसले नाहीत. मान हलवली. मग म्हणाले, "तुम्ही आज आलात, फार बरं वाटलं. इथे सगळी पोरं आहेत. आपल्या वयाचा मी एकटाच असायचो, कोणाला सांगणार?"

आता बोला दादा, या माणसाला मी छातीतल्या कळेचं कसं सांगणार होतो?

हेल्मेट माझ्या डोक्याला घट्ट आणि चष्मा आत शिरेना. अजेयने तो एका कानाकडून तिरका घुसवला, त्यामुळे मला उजव्या डोळ्याने लांबचं आणि डाव्या डोळ्याने हेल्मेटचं अस्तर दिसत होतं. समोर हिरवा दिवा लागला. मी दोन्ही बाजूंना बघितलं, इंडिकेटर दिला आणि निघालो. श्वासाने काच आतून धुरकट झाली होती. पहिल्या शंकूला मी सवयीने हॉर्न दिला. दुसऱ्याला वळताना पुन्हा इंडिकेटर. नंतर कळलं की लाउडस्पीकरवरच्या माणसाला काय बोलावं सुचेना आणि तो गप्प बसला. टायरांच्या ढिगाजवळ रेनकोटातला एक स्वयंसेवक धावत माझ्या खिडकीशी आला आणि माझ्याबरोबर चालत चालत विचारू लागला, "अंकल, गाडी खराब हो गई क्या?" मी त्याला हाताने पुढे जायला सांगितलं.

मला राग आला, खरं सांगतो. ढिगाला वळसा घातल्यावर समोर ती लांबच लांब, काळी, पाण्याने चकाकणारी सरळ पट्टी दिसली आणि शेवटी छोटे छोटे लोक. मी पाय दाबला. गाडी ओरडली, मीही ओरडलो. शंकू अंगावर यायला लागले. आणि मग दादा, एकाएकी हातातलं स्टिअरिंग रिकामं झालं. फिरवलं तरी काही होईना, जसं नळ उघडावा आणि पाणीच नसावं. गाडी आपल्या मनाने आडवी झाली. शेतं डावीकडून उजवीकडे गेली, तंबू गेले, पुन्हा शेतं आली. मला वाटलं, संपलं. त्या वेळी कोणाचं तोंड आठवलं म्हणाल तर उर्वीचं, आणि तेही लहानपणचं, तोंडाला दूधभात लागलेलं. आता हिच्या लग्नात हिच्यामागे कोण उभं राहणार, एवढंच मनात आलं, आणि ही भीती इतकी मोठी होती की बाकीच्या सगळ्या तिच्यात बुडून गेल्या.

मग गाडी थांबली. इंजिन बंद. टपावर पावसाचा आवाज. हात हलवून बघितले, हलले. मी जिवंत होतो, पण गाडीचं तोंड पुन्हा टायरांच्या ढिगाकडे आणि शेवटची रेघ माझ्या पाठीमागे. वळवून घ्यायची हिंमत नव्हती, स्टिअरिंगवरचा विश्वासच उडाला होता. पण आमच्या गल्लीत गाडी वळत नाही हे तुम्हाला माहीत आहे. इतकी वर्षं रोज सकाळी मी दुधवाल्यांच्या आणि गाईंच्या मधून उलटाच बाहेर येतो. मी गाडी चालू केली, रिव्हर्स टाकला, मान मागे वळवली आणि उरलेली पट्टी एका सरळ रेषेत, एकाही शंकूला धक्का न लावता, उलटं जात पार केली.

उलटं आलेलं धरत नाहीत म्हणे, त्यामुळे निकालात माझ्या नावापुढे फुली आहे. पण मी काय सांगू, दार उघडून सगळ्यांत आधी आत डोकं घातलं ते फत्तेसिंगरावांनी. एवढा मोठा माणूस, डोळे लाल. हेल्मेटसकट मला छातीशी धरलं आणि म्हणाले, "व्याही, मी बघितलं. डोळे उघडे ठेवून बघितलं." व्याही म्हणाले दादा. बोलणी नाहीत, याद्या नाहीत, काही नाही. उर्वी मागे उभी होती. ती रडत होती आणि मला मारत होती, दोन्ही एकदम. (मान तेव्हा अवघडली. कंबर आधीच, गाडी फिरताना.) नंतर सगळ्यांनी तंबूत गरम पोहे खाल्ले, अजेयला दुसरा नंबर मिळाला, आणि फत्तेसिंगरावांनी स्वतः गाडी पळवून तीन शंकू पाडले. ते पळवत असताना मी उमाबाईंच्या शेजारी उभा राहून घड्याळ बघत होतो.

तर माणसं कशी आहेत, याचं उत्तर. आपल्यासारखीच घाबरट आहेत, पण घरात घाबरलेल्याला कोणी हसत नाही. मुलगी तिथे सुखात राहील. मी तर पुन्हा त्या पट्टीच्या वाटेला जाणार नाही, हे गणपतीला हात लावून सांगितलं आहे, पण तुम्ही आशीर्वाद द्यावा.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला धाकटा,
भास्कर

ता. क. : हे पत्र मी उर्वीला वाचून दाखवलं (तिला मराठी वाचायला वेळ लागतो). ती म्हणते की अजेयने माझ्या गाडीत छोटा कॅमेरा लावला होता आणि त्यात असं दिसतं की तिसरा गिअर कधी पडलाच नाही, आणि गाडी वेगामुळे फिरली नाही, मी घाबरून हँडब्रेक ओढला होता. त्यात माझा आवाजही आहे. तो मी कोणाला ऐकवणार नाही.

ता. क. २ : मूळ काम राहूनच गेलं. पुढच्या महिन्यात फत्तेसिंगराव परिवार गट ठेवत आहेत. एकाच गाडीत एका घरच्या दोघांनी पाळीपाळीने पळवायची. त्यांनी फार आग्रहाने विचारलं आणि मला मोह आवरला नाही. एक नाव माझं दिलं आहे. दुसरं तुमचं. पाटबंधारे खात्यात असताना तुम्ही कालव्याच्या बांधावरून जीप चालवायचात, हे मी त्यांना जरा वाढवूनच सांगितलं. वहिनींना एवढंच सांगा की मुलाकडची माणसं बघायला धारला जायचं आहे.

ता. क. ३ : नाव मागे घ्यायचं असेल तर येत्या गुरुवारपर्यंत कळवायचं आहे. पोस्टातला माणूस म्हणाला, पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळेल.