दोघांचा मऊ भात

येरवडा, पुणे
१८ जानेवारी २०२५

चि. सौ. अस्मितास,
ताईचा सप्रेम जयभीम. वि. वि.

तुला फोनवर ऐकू येत नाही आणि मला ओरडायची ताकद नाही, तेव्हा पत्रच बरं. सोमवारी घरी आले. आतड्यातली गाठ काढली. आतली शिवण भरून येईपर्यंत लहान आतड्याचं तोंड पोटावर बाहेर काढून ठेवलंय आणि त्यावर पिशवी चिकटवलीय. जे खाईन ते तिथूनच बाहेर पडतं. काही महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून आतडं परत जोडतील म्हणे. तोवर मऊ भात, मुगाचं वरण, दही, केळं. भाकरी, पालेभाजी, शेंगदाणे सध्या बंद. म्हणजे आपल्या घरातलं जेवणच बंद, असं समज.

स्वयंपाक हे करतात. जन्मभर शाळेत गणित शिकवलं, पण तांदळाला पाणी किती हे प्रमाण काही सुटत नाही. भाताची एक दिवस पेज होते, एक दिवस वीट.

माझी काळजी करू नकोस. खाते, पिते. पुण्यात शिकताना तुझा अभिनव पाच वर्षं माझ्या हातचं जेवला, त्याच्या लग्नाला मी परभणीला येणार म्हणजे येणारच.

लोभ आहेच, तो या वरणासारखा पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई,
जया

•

परभणी
२९ जानेवारी २०२५

ती. ताईस,
अस्मिताचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र वाचून जिवात जीव आला. तू येच. अभिनव म्हणतो, मावशी समोर बसल्याशिवाय मी हार घालणार नाही. एक मार्चची तारीख ठरली आहे. दीपालीलाही आणा, लेकीची मदत होईल.

पाणी भरपूर पीत जा. इथली खोली मी न्हाणीघराजवळची ठेवते. पण गाडीतली रात्र कशी काढायची, ते पिशवीचं काय करायचं, हे तूच बघ बाई, मला त्यातलं काही कळत नाही. हॉलवर ह्यांच्याकडची माणसं सतरा प्रश्न विचारतील, त्यांना मी पाहून घेते.

दाजींना म्हणावं, भात जमला नाही तर मेव्हणीला विचारायला फी पडत नाही.

माया ठेव, आणि येताना तीही बरोबर आण.
तुझी,
अस्मिता

•

येरवडा, पुणे
१५ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अस्मिता हिस,
दशरथचा सप्रेम जयभीम.

जयाला दवाखान्यात ठेवल्याचं अभिनवने तुला सांगितलंच असेल. काल घरी आणली. काय झालं ते तुला कळायला हवं, म्हणून लिहितो.

रात्रभराच्या प्रवासात पिशवी रिकामी राहावी, म्हणून ती घरी सराव करत होती. ताटातलं दोन घास खायची आणि पोट भरलं म्हणायची. पाणी जवळजवळ बंद. मी उशाशी ठेवलेली जलसंजीवनी गॅलरीतल्या शेवंतीच्या कुंडीत ओतायची. पायात गोळे यायचे, जीभ कोरडी पडायची, लघवी होईना. मी विचारलं की म्हणायची, अशक्तपणा आहे. मी मान्य करायचो. मंगळवारी सकाळी मोरीच्या दारात पडली.

सलाइन लावली. मूत्रपिंडांवर ताण आला आहे. डॉक्टरीणबाई तिच्या कॉटवर बसून नीट बोलल्या. म्हणाल्या, खाणं-पिणं बंद केलं तरी पिशवीत पाणी येतच राहतं, अंगातलं मीठही त्याबरोबर जातं. नुसतं साधं पाणी ढोसूनही भागत नाही, ते तसंच वाहून जातं. मीठ-साखरेचं पाणी घोट घोट करत दिवसभर घ्यायचं, जेवणात मीठ हवं, थोडं थोडं खायचं. आतडं जोडणं आता पुढे ढकललं आहे. जयाने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, की परभणीला जाता येईल ना? बाई नाही म्हणाल्या. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून आहे. सगळ्याची चव एकच लागते म्हणते.

तू तिला येऊ नकोस म्हणून लिही. माझं ऐकत नाही. भूक नसलेल्या माणसाला कसं भरवायचं, हे मला येत नाही, अस्मिता. थकलो आहे. हे मात्र तिला कळवू नकोस.

तुझ्या घरच्या कार्याला आम्हा दोघांच्या शुभेच्छा.
तुझा,
दशरथ

•

येरवडा, पुणे
२२ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. अस्मितास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

येऊ नकोस म्हणून लिहिलेलं तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. पुण्यात राहून तू इतकं तुटक लिहायला शिकली असतीस तर समजलं असतं. दोन दिवस राग केला. मग लक्षात आलं, राग धरून ठेवायलाही अंगात मीठ लागतं.

परवा शेजारची अपेक्षा वाटीभर सुकं मटण घेऊन आली. ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. मी विचारलं तर म्हणाले, हल्ली तिखट सोसत नाही. दीपालीला फोन केला. तिच्याकडे बिबवेवाडीला गेले तरी तिथेही दहीभातच मागतात, म्हणाली. मी घरी आल्यापासून या घरात फोडणीचा वास आलेला नाही, अस्मिता, आणि मला ते आत्ता कळलं. माझ्यासमोर वेगळं खायचं नाही म्हणून हा माणूस माझाच मऊ भात खातोय. पँट कमरेवर राहत नाही. पेपर वाचता वाचता बसल्या जागी डोळा लागतो, आणि मी कुशीवर वळले की दचकून उठतात. थकलेत हे मला सांगत नाहीत. मला दिसतं.

मी येत नाही. ह्यांना पाठवते. दीपाली माझ्याजवळ राहील. आधी मुळीच तयार नव्हते. मी सांगितलं, तुम्ही तिकीट काढलंत तरच जलसंजीवनीचा तांब्या संपवीन. माझ्या दर दोन घोटांमागे एकदा माझ्याकडे बघत शेवटी फोनवर अभिनवलाच तिकीट काढायला सांगितलं. तांब्या संपवला. खारट, गुळमट, घाण लागतं. आता रोज पिते. जेवणावर वासना नाहीच अजून. घड्याळाकडे बघून जेवते.

त्यांना काळ्या मसाल्याचं मटण कर. माझ्या पोटाची चौकशी करायला माणसं जमतील, त्यांना हाकल. आणि झोपू दे.

माणूस पाठवते आहे, सांभाळून घे.
तुझी ताई,
जया

•

परभणी
२ मार्च २०२५

ती. ताईस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

दाजी सुखरूप पोचले. आल्या आल्या ताट वाढलं, तर हात लावीनात. अभिनवने दीपालीला फोन लावला. तुझं पाणी पिऊन झालंय आणि वाटीभर भातही पोटात गेलाय, असं ती म्हणाली, तेव्हा जेवले. तीन भाकऱ्या खाल्ल्या. डोळ्यांतून पाणी येत होतं. तिखट झालंय म्हणाले.

काल दुपारी दाजी कपडे करून हॉलच्या मागच्या खोलीत जरा टेकले. भंतेजी आले, त्रिसरण सुरू व्हायची वेळ झाली, तरी दाजी दिसेनात. अभिनव स्वतः बोलवायला गेला. बुटांसकट आडवे झाले होते, तोंड उघडं, घोरत होते. त्याने बूट काढले, पंखा लावला, दार ओढून घेतलं आणि मला हातवाऱ्यांनी सांगितलं की कोणी आत जायचं नाही. तसाच जाऊन त्याने हार घातला.

दाजी उठले तेव्हा मांडववाले खुर्च्या भरत होते. बाहेर येऊन त्यांनी मला विचारलं, लग्न किती वाजता आहे.

तुला कसं तोंड दाखवायचं या विचारात ते आहेत. तू रागावू नकोस. अजून दोन दिवस ठेवून घेते.

तुझी धाकटी,
अस्मिता