दहा बाय दहातली गोफण

१४ सप्टेंबर, रविवार
आजपासून गोफणीचा सराव. चाकणची खोली दहा बाय दहा. तिच्यात मी, रोशन, दोन पेट्या अन् गॅस. जागा कमी आहे, डोकं मोठं आहे.
बाबूजी फोनवर म्हणाले, यंदा धान भरत आला का चार दिवस ये. मचाणावरून गोफणीनं पोपट हाकलून दाखव. जमलं तं कंपनी सोड, शेत तू पाह्य. नाही जमलं तं शेताचं नाव काढू नोको.
पोपट! आठवी नापास असलो म्हणून काय पोपटाहून बी गेलो?

१५ सप्टेंबर
गोटा नाही टाकला, बटाटा टाकला. सेफ्टी म्हणून. बल्ब फुटला. बल्ब चुकीच्या जागी होता. घरमालकीण निर्मलाबाई वर आली. म्हणे, घर आहे का रान आहे हे? घर म्हणते याले. आमच्याकडं बैल बी याहून मोठ्या जागेत बांधतात.

१७ सप्टेंबर, सकाळी ५
नियम ठरवले. मोज्याचा गोळा. पंखा बंद. समोर दोरीवर ब्लँकेट, गोळा तिथंच पडते. उभं राहिलं का हात पंख्याले लागते, म्हणून गुडघ्यावर बसाचं. मोजे रोशनचे, माझे चांगले आहेत. रोशनले पेटीवर बसवलं, तोंड भिंतीकडं. म्हणे, मी कायले शिक्षा भोगू बे? सालेकश्याचा आहे, आमच्याच जिल्ह्यातला. दहावी पास, अक्कल नाही.

२१ सप्टेंबर, रविवार
दोऱ्या भिंतीले घासून राहिल्या होत्या. अर्ध्या कापल्या. तरी गोळा मागंच उडे. शोध लावला: एका दोरीचा फास बोटात असते, तोच हात धरून ठेवते. फास काढून टाकला. आता दोन्ही दोऱ्या एकदम सोडतो. गोफण अन् मोजा सोबतच ब्लँकेटवर जातात, सोबतच उचलून आणतो. वेळ वाचते. आज्या-पणज्याले हे सुचलं नाही.
रोशन म्हणे, गोफणच फेकली तं दुसरा गोटा कायनं मारशील?
जळते.

२८ सप्टेंबर
शंभरात सत्त्याण्णव. बाकी तीन रोशनच्या डाळीत. जेवला नाही. नखरे.
सोनिकाले फोनवर सांगतलं. बहीण आहे, खुश व्हाले पाहिजे. हसली. म्हणे, दादा, मी रोज टिन वाजवून राहिली, पोपट जातेत. टिन! शेत हाती आलं का पहिले ते टिन फेकतो.

३ ऑक्टोबर
सुपरवायझरले सांगून टाकलं, दुसरा माणूस पाहा. म्हणाला, गेलास तर परत घेणार नाही. परत मागून कोण राहिला?

१० ऑक्टोबर, दवनीवाडा
गावी पोहोचलो. बाबूजींनी आज्याची गोफण काढून दिली. अंबाडीची, लांब, फासवाली. त्याईनं म्हणे तिच्यावर चाळीस वर्षं राखण केली. जुनं मॉडेल. चालवून घेईन.

११ ऑक्टोबर
सकाळीच मचाणावर. खाली बाबूजी, सोनिका अन् शेजारचे मुन्नालालकाका. धानावर पोपट, दोन-तीनशे.
मी गुडघ्यावर बसलो. मुन्नालालकाका म्हणे, काऊन गा, पोराले चक्कर आली का?
गोटा लावला. फिरवली. सोडली.
गोफण गोट्यासकट बोडीत गेली. आमच्या शेताच्या कडेचं तळं ते, कमरेच्या वर पाणी. लांब गेली होती. तेवढं कोणी बोललं नाही.
पोपट खातच होते.
सोनिकानं टिन वाजवलं. सगळे उडाले.
बाबूजी बोडीकडं पाहत राहिले. मग म्हणे, शेत सोनिका पाहीन. तू निघ, गाडी चुकन तुझी.
चूक जागेची आहे. उघड्यावर अंदाज येत नाही. भिंत नसते.

१४ ऑक्टोबर, चाकण
कंपनीच्या गेटवर गेलो. माझ्या मशीनवर दुसरा माणूस. हँडल फिरवताही येत नाही त्याले नीट.
खोलीत आलो. रोशननं ब्लँकेट काढून अंगावर घेतलं होतं. मोजे बी धुतले. म्हणे, पोपटाचं काय झालं?
उडाले म्हटलं. खोटं नाही.
मग म्हणे, अन् शेत?
मी उठून पंखा लावला.