बादलीत काय होतं?

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार (कागदावरच समजून घे, प्रत्यक्षात घातला तर मला उठवायला दोन माणसं बोलवावी लागतील). तुझे गुडघे कसे आहेत? डाव्याची चौकशी आधी करतो, कारण तो जास्त दुखतो हे तू मला तीन वेळा सांगितलं आहेस. आम्ही इथे सगळे ठीक. फोन सोडून पत्र का, असं तू विचारशील. तुझे चिरंजीव फोन स्पीकरवर टाकून शेजारी उभे राहतात आणि दर दोन वाक्यांनी 'दादा, मुद्द्याचं बोल' म्हणतात. मला मुद्द्याचं बोलायचं नाही. मला तक्रार करायची आहे, आणि तिला जागा लागते.

सव्वीस वर्षं मी भूमिती शिकवतो आहे आणि सव्वीस वर्षांत वर्गात एकही गोष्ट सांगितलेली नाही, याचा मला रास्त अभिमान होता. पण आमच्या मुख्याध्यापकांना (मुलं त्यांना 'परिपत्रक' म्हणतात, आम्ही शिक्षकही म्हणतो, फक्त हळू) दर वर्षी नवा झटका येतो. गेल्या वर्षी बागकाम होतं. त्यातून वाचलेली दोन रोपं माझ्या गळ्यात पडली आणि आता घरच्या खिडकीत आहेत. यंदा आलं मौखिक कथाकथन. तोंडाने सांगितलेली गोष्ट मुलाच्या मनात कायमची राहते म्हणे, तेव्हा यापुढे प्रत्येक विषय गोष्टीतून शिकवायचा. विज्ञान गोष्टीतून, इतिहास गोष्टीतून (तो आधीपासून गोष्टच होता, तो तसा राहू नये म्हणून इतिहासाच्या बाईंनी बरीच मेहनत घेतली आहे) आणि भूमितीसुद्धा.

त्यासाठी एक कथातज्ज्ञ बोलावले. भर उन्हात गळ्यात लांब मफलर, आणि सोबत चौऱ्याऐंशी स्लाइड. सकाळी दहा ते चार हा गृहस्थ 'कागदाकडे न बघता बोला' असं कागदाकडे बघून सांगत होता. मौखिक परंपरेचे टप्पे झाले, घटक झाले, घटकांचे उपघटक झाले. जेवणानंतर चित्रकलेच्या सरांना डुलकी लागली, तर त्यांना उठवून 'श्रोत्याचा सहभाग' या उपघटकाचं उदाहरण म्हणून उभं केलं. शेवटी संगीताच्या बाईंनी (भोळ्या आहेत) हात वर करून विचारलं, की एखादी गोष्ट सांगता का? त्यावर तज्ज्ञ हसले आणि म्हणाले, गोष्ट पुढच्या सत्रात. म्हणजे सहा तास पोहण्यावर भाषण, आणि पाण्याचा थेंब नाही! निघताना प्रत्येकाच्या हातात एक तक्ता दिला. नजरभेट, सेकंदांत. आवाजातले चढउतार, किमान सहा. अर्थपूर्ण विराम, कमाल तीन. हा तक्ता रोज भरून परिपत्रकांच्या टेबलावर ठेवायचा.

मी आज्ञाधारक माणूस आहे. दुसऱ्या दिवशी सातवीच्या वर्गात गेलो आणि मला जमते तशी गोष्ट सांगितली. फळ्यावर लिहिलं, पक्ष: एक राजा होता, त्याला दोन राण्या होत्या. साध्य: धाकटी राणी चांगली होती. रचना: एक जंगल काढा. सिद्धता सात पायऱ्यांत झाली, प्रत्येक पायरीला कारण दिलं, आणि 'हेच सिद्ध करायचे होते' लिहून मी खडू खाली ठेवला. चार मिनिटं लागली. मुलांनी गोष्ट वहीत उतरवून घेतली, आणि पहिल्या बाकावरच्या मुलीने ही किती गुणांना येईल ते विचारलं. तक्त्यात मी विराम शून्य लिहिले. खोटं कशाला लिहा?

तास पस्तीस मिनिटांचा. एकतीस मिनिटं उरली, एकोणपन्नास मुलं माझ्याकडे बघताहेत, आणि दाराच्या काचेतून परिपत्रकांचं नाक. अशा वेळी माणूस काय वाटेल ते बोलून जातो. माझ्या तोंडून तुझी विहिरीची गोष्ट निघाली. कशी निघाली, मला विचारू नकोस. चाळीस-बेचाळीस वर्षांत मी तिची आठवणही काढली नव्हती. एक मुलगी विहिरीत वाकून 'कोण आहे?' अशी हाक मारते, आणि खालून जो आवाज येतो तो तिचा नसतो. तो म्हणतो, 'तू आधी सांग.' एवढं बोललो आणि वर्गात पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. एकोणपन्नास मुलं, मावशी! या वर्गात मी गेल्या वर्षभरात शांतता पाहिली ती फक्त सुट्टीच्या दिवशी. मग मी पण वाहवत गेलो. मुलगी आपलं नाव सांगते, आवाज म्हणतो 'खोटं', ती घरातल्या एकेकाचं नाव सांगते, तो प्रत्येकाला 'खोटं' म्हणतो. शेवटी ती चिडून बादली खाली सोडते, दोर संपत येतो, बादलीला काहीतरी लागतं, ती ओढू लागते, रहाट कुरकुरतो, बादली जड, आणखी जड, काठाशी येते, ती आत बघते आणि बादलीत...

आणि बादलीत काय होतं ते मला माहीत नाही.

हा दोष सर्वस्वी तुझा आहे, हे मी स्पष्ट लिहून ठेवतो. सुट्टीत दुपारी जेवणं झाली की तू मला शेजारी घेऊन ही गोष्ट सांगायचीस आणि त्याच वेळी पाठीवर थोपटायचीस. आता मला सांग, ही काय शिक्षणपद्धती झाली? तोंडाने जागं ठेवायचं आणि हाताने झोपवायचं! प्रत्येक सुट्टीत बादली काठाशी यायची आणि मी घोरायला लागायचो. उठल्यावर विचारलं की तू म्हणायचीस, उद्या पहिल्यापासून सांगते. आणि सांगायचीस, अगदी पहिल्यापासून.

त्या दिवशी घंटेने वाचवलं. दुसऱ्या दिवशी मी शेवट रचून नेला. बादलीत सोन्याचं कडं होतं, म्हटलं. सगळा वर्ग एका सुरात ओरडला, 'खोटं!' (ही सवय त्यांना तुझ्या विहिरीने लावली.) तिसऱ्या दिवशी बेडूक काढला. मुलं हसली, पण उपकार केल्यासारखी. तुम्हाला कसं कळलं, असं मी रागाने विचारलं, तेव्हा ती पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, 'सर, रहाटाचं सांगताना तुम्ही आमच्याकडे बघत होता. बेडकाचं सांगताना टेबलाकडे बघितलंत.' तज्ज्ञांनी सहा तासांत सांगितलं नाही ते तिने दोन वाक्यांत सांगितलं, आणि तिच्या गळ्यात मफलरही नव्हता.

मग मी वेळ काढू लागलो. विहीर किती खोल होती ते शोधा, तोवर पुढचं सांगणार नाही, म्हटलं. रहाटाचा व्यास अठ्ठावीस सेंटीमीटर, दोर पूर्ण सुटेपर्यंत पंचवीस फेरे. ज्यांनी जूनपासून कंपासपेटी उघडली नव्हती त्यांनी परीघ काढला, फेऱ्यांनी गुणलं, बावीस मीटर उत्तर आणलं, आणि वर मलाच ऐकवलं, की दोराची गाठ धरली नाहीत, सर. एकाने बादलीचं घनफळ काढलं, त्यात काय काय मावणार नाही याची यादी केली. घनफळ आठवीला आहे! चाचणीत परिघाच्या प्रश्नाला सगळा वर्ग पास झाला. परिपत्रक पेढा मिळाल्यासारखे खूश होऊन म्हणाले, बघा कथाकथनाचा प्रभाव. मी म्हटलं, गोष्टीचा यात काडीचाही संबंध नाही, मुलांना फक्त बादलीत काय होतं ते हवं आहे. तक्त्यात हे लिहायला रकाना नव्हता, म्हणून मी 'इतर' मध्ये लिहिलं.

आता अवस्था अशी आहे, की शिपाई मला पाणी देताना विचारतो, सांगितलंत का? काल परिपत्रकांनी मला खोलीत बोलावलं, दार लोटलं, वेळापत्रकाबद्दल पाच मिनिटं बोलले आणि मी उठायला लागल्यावर त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, 'ते बादलीचं काय झालं हो?' मुलं रोज तासाला उभी राहून नमस्ते न म्हणता 'आज?' म्हणतात. मी 'आज नाही' म्हणतो. सोमवारी म्हटलं, मंगळवारी म्हटलं. काल त्यातली दोघं-तिघं खाली बसली आणि त्यांनी वही उघडली, न विचारता. मावशी, त्याचं मला फार वाईट वाटलं. यांनी विचारणं सोडलं, तर मी परत पक्ष आणि साध्य लिहीत बसणार, आणि हे आता मला जमेलसं वाटत नाही.

तरी माझं मत बदललेलं नाही. कथाकथन म्हणजे शिकवायचा कंटाळा असलेल्यांचा उद्योग. शेवट मला नको आहे, हा तत्त्वाचा प्रश्न आहे. औषधं वेळेवर घे, जिना एकटी चढू नकोस.

तुझा भाचा

ता. क. तत्त्व आपल्या जागी ठीक आहे. बादलीत काय होतं? उलट टपाली कळव.

ता. क. २. कळवू नकोस. मी ही गोष्ट काल कागदावर उतरवून बायकोला वाचून दाखवली. ती म्हणाली, बरी आहे, आणि भाजी निवडायला लागली. कागदावर ती विहीर कोरडी पडते. तू लिहून पाठवलंस तर मीही टेबलाकडे बघूनच वाचणार.

ता. क. ३. तेव्हा पुढच्या शुक्रवारी चौथ्या तासाला तूच ये. मुलांना मी सांगून बसलो आहे, परिपत्रकांनी पाहुण्यांच्या यादीत तुझ्या नावापुढे 'ज्येष्ठ कथातज्ज्ञ' लिहिलं आहे, आणि जिन्याचा त्रास नको म्हणून सातवीचा वर्ग त्या दिवशी तळमजल्यावर भरणार आहे. गाडी घेऊन मी येतो. चिरंजीवांना दवाखान्यात जाते म्हणून सांग. एकच विनंती. वाटेत मी कितीही गयावया केली तरी मला शेवट सांगू नकोस. मी मागच्या बाकावर बसणार आहे.